हवा गेली की काय होतं

धायरीच्या त्या गल्लीला उतार असा, की वरच्या टोकाला सुटलेला चेंडू थेट खालच्या मोठ्या रस्त्यावर जाऊन एखाद्या सिक्स सीटर रिक्षाखाली सापडायचा. गल्लीतल्या पोरांनी असे कितीतरी चेंडू घालवले होते. उताराच्या मधोमध कांताबाईंची बालवाडी होती, आणि त्या रविवारी सकाळी बालवाडीच्या फाटकाला खेटून एक मोठा ट्रक उभा होता. तोंड उताराकडे, इंजिन बंद.

कांताबाई पताकांची पिशवी घेऊन आल्या आणि तिथंच थबकल्या. फाटक बाहेर उघडणारं होतं. त्यांनी ते ओढून पाहिलं, तर ट्रकच्या मागच्या चाकाला जाऊन टेकलं. जी फट उरली तिच्यातून एखादं मांजर आत गेलं असतं, मूल नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, बालवाडीच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. गल्लीच्या वरच्या अंगाला जिथं पूर्वी ज्वारी उभी असायची, तिथं आता सातमजली इमारती होत्या. सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या पांढऱ्या गाड्या माणसं न्यायला-आणायला येत. कोपऱ्यावर काचेच्या दाराचं, इंग्रजी पाटीचं एक प्लेग्रुप निघालं होतं. गेल्या वर्षी बाईंची निम्मी मुलं तिकडे गेली. यंदा नव्या इमारतींतले काही आईबाप म्हणाले होते, "पहिल्या दिवशी येऊन बघतो, मग ठरवतो." ते आले आणि फाटक बंद दिसलं, तर चार पावलांवर काचेचं दार होतंच. ही नवी मुलं आली नाहीत तर दिवाळीनंतर बालवाडी चालवता येणार नव्हती. हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ट्रकच्या केबिनमधून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उतरले. हे मकसूदभाई. ट्रक त्यांचा, चालवायचा मुलगा कासिम. आदल्या संध्याकाळी वरच्या इमारतीवर फरशा उतरवून ट्रक खाली येत होता आणि नेमका इथं बंद पडला.

"डिझेलचा पंप गेला, बाई," कासिम म्हणाला. "नवा बुधवारी येतो म्हणतात."

"मग बुधवारपर्यंत मुलांना काय, भिंतीवरून आत टाकू?"

"नाही बाई, हलवतो ना. तो समोरचा प्लॉट आहे, तिथं नेऊन उभा करतो. चाळीस पावलं सुद्धा नाहीत."

प्लॉट खालच्या अंगाला होता, डाव्या हाताला, सपाट आणि मोकळा. तो वरच्या सोसायटीचा. त्याच्या तोंडाशी एक पाटी होती: 'येथे वाहने लावू नयेत. लावल्यास हवा सोडण्यात येईल.' पाटी श्यामसुंदररावांनी स्वहस्ते रंगवलेली. सगळा जन्म शनिवार पेठेत काढून दोन वर्षांपूर्वी ते मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले होते, आणि येताना पेठेतलं बरंचसं बरोबर घेऊन आले होते. कासिम परवानगी मागायला गेला, तेव्हा ते गॅलरीतून म्हणाले, "पाटी वाचता येते ना?"

"येते, साहेब. पण हवा गेलेलीच आहे. तीच तर पंचाईत झालीय."

श्यामसुंदररावांना यावर उत्तर सुचलं नाही. तसं त्यांच्या बाबतीत क्वचितच व्हायचं, म्हणून असेल, पण ते चपला घालून खाली उतरले आणि म्हणाले, "बुधवारपर्यंत. गुरुवारी पाटी लागू."

गल्लीतली सात-आठ माणसं जमली. चाकांखालचे दगड बाजूला केले. एक, दोन, तीन म्हणून सगळ्यांनी मागून जोर लावला. ट्रक ढिम्म. पुन्हा जोर लावला. माणसं घामाघूम झाली, ट्रक जागचा हलायला तयार नाही.

कांताबाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना एक खोड होती, मुलांमध्ये राहून लागलेली. एखादी गोष्ट डोक्यात शिरली नाही की त्या विचारत, आणि समजेपर्यंत विचारत.

"कासिम, ट्रक रिकामा आहे ना?"

"रिकामा, बाई."

"गिअर काढलाय?"

"काढलाय. हँडब्रेकचा खटका पण सोडलाय."

"या उतारावर चेंडू आपला आपण पळतो. मग आठ माणसांनी ढकलून हा हलत का नाही?"

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "आणि हलला असता, तर थांबवणार कोण होतं?"

आता मात्र ढकलणारे एकमेकांकडे पाहू लागले. खाली मोठ्या रस्त्यावर एक सिक्स सीटर माणसं कोंबून फटफट करत चालली होती. मकसूदभाईंनी दगड उचलले आणि पुन्हा चाकांखाली सरकवले.

"मी पण तेच म्हणतोय रात्रीपासून," ते म्हणाले. "हवा गेली म्हणजे ब्रेक गेला. डोळ्याला डोळा नाही लागला माझा. सारखा उतरून दगड बघत होतो."

"अब्बा, तुमच्या जुन्या गाडीचं ते," कासिम म्हणाला. "या गाडीत उलटं आहे. हवा गेली म्हणजे ब्रेक लागला."

"काहीतरी बोलू नकोस. हवा दाबते म्हणून ब्रेक लागतो. हवाच नाही तर दाबणार काय, तुझं डोकं?"

बापलेकांचं हे भांडण जुनं दिसत होतं. बाईंना मात्र त्यात भारी गंमत वाटली. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, आणि दोघंही ट्रकवालेच. त्या कासिमला म्हणाल्या, "मला नीट सांग. मी चार वर्षांची आहे असं समज."

कासिम जरा लाजला, मग सांगू लागला. पायाच्या ब्रेकला दोन्ही गाड्यांत हवाच लागते, तिथं अब्बांचं खरं आहे. पण या नव्या गाडीत मागच्या चाकांपाशी एकेक डबा असतो आणि त्यात एक जबर स्प्रिंग कोंबलेली असते. ती स्प्रिंग ब्रेक आवळून धरायला बघते. हवा भरलेली असेल तर हवा तिला मागे रेटून धरते आणि चाक मोकळं फिरतं. इंजिन चालू असेल तोवरच ही हवा भरली जाते; ते बंद पडून हवा गेली की स्प्रिंगला अडवणारं कुणी उरत नाही. ती ब्रेक आवळते आणि मग दहा माणसं येवोत की वीस.

बाईंनी पिशवीत हात घातला. पताकांबरोबर मुलांची चित्रं दोरीवर लावायचे चिमटे होते. त्यांतला एक काढून त्यांनी बोटांत दाबला. चिमट्याचं तोंड उघडलं. बोटं सोडली, तोंड मिटलं.

"असं?"

"अगदी असंच, बाई. बोटं म्हणजे हवा."

मकसूदभाईंनी चिमटा हातात घेतला, दोनदा उघडला, दोनदा मिटू दिला. मग स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. "म्हणजे रात्री मी उगाच जागलो," ते एवढंच म्हणाले.

"उगाच नाही चाचा. जागलात ते चांगलंच केलंत," बाई म्हणाल्या. "आता हा चिमटा उघडायचा कसा?"

कासिमने मिस्त्रीला मोबाईल लावला. मिस्त्रीने उपाय सांगितला तो सोपा होता. त्या डब्याच्या मागे एक लांब बोल्ट असतो. तो पान्याने आवळत न्यायचा, म्हणजे स्प्रिंग मागे ओढली जाते आणि चाक मोकळं होतं. पंधरा मिनिटांचं काम. कासिम पाना घेऊन ट्रकखाली शिरणार, तोच बाईंनी विचारलं, "बोल्टनं चिमटा उघडला, की मग मिटायचा कसा?"

"परत बोल्ट सैल करून."

"ट्रक उतारावरून चाललेला असताना?"

कासिम पाना हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिला. बोल्ट आवळला की ट्रक मोकळा होणार, आणि मोकळाच राहणार. हवा नसल्यामुळे पायाचा ब्रेकही लागणार नाही. सपाट मैदानावर ते चाललं असतं. इथं खाली मोठा रस्ता होता.

"मग हवाच भरायला पाहिजे," तो म्हणाला. "हवा भरली तर स्प्रिंग पण सुटेल आणि पायाला ब्रेक पण येईल. टाकीत बाहेरून हवा घ्यायला एक तोंड आहे. पण पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कुठं इथवर आणणार?"

हे सगळं ऐकत उत्तरेश्वर उभा होता. लातूरकडचा रंगारी, वरच्या इमारतीत त्याचं काम चालू होतं. तो म्हणाला, "माझा हाय की. रंग फवारायचा. चाकाचाच हाय. पर ल्हान हाय बगा, येळ लागंल."

"लागू दे वेळ," बाई म्हणाल्या. "वेळ आहे आपल्याकडे, उद्या सकाळपर्यंत."

कॉम्प्रेसर आला. वायरीला वायर जोडून शेजारच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून वीज घेतली. नळी जोडली आणि तो छोटासा कॉम्प्रेसर एवढ्या मोठ्या ट्रकच्या पोटात फटफटत हवा भरू लागला. एव्हाना गल्लीतली मुलं गोळा झाली होती. बाईंनी त्यांना वरच्या बाजूला एका ओट्यावर ओळीने बसवलं. "इथून सगळं दिसतं. आणि इथून ट्रक आपल्याकडे कधीच येणार नाही. का येणार नाही?"

"कारण तो खाली जाणार," मुलं म्हणाली.

कासिम हँडब्रेकचा खटका ओढून केबिनमध्ये हवेच्या काट्याकडे पाहत बसला होता. काटा लाल पट्ट्यातून हळूहळू वर सरकत होता. अर्ध्यापुढे गेल्यावर त्याने हात वर केला. आता तो खटका सोडला की चाकं मोकळी होणार होती.

बालवाडीत बाईंचा एक नियम होता. कात्री घ्यायची असो की झोपाळ्यावर बसायचं असो, आधी सांगायचं, मग करायचं. 'मी कात्री घेऊन कागद कापणार आहे.' सांगता सांगताच मुलाला कळायचं की कागद तर आपण आणलेलाच नाही. तोच नियम त्यांनी इथं लावला. मोठी माणसं जरा हसली, पण ऐकू लागली.

"मी स्टिअरिंग धरणार," कासिम म्हणाला. "इंजिन बंद आहे म्हणून ते जड लागेल. प्लॉटच्या तोंडाशी डावीकडे घेणार."

"मी लाकडाचा ठोकळा घिऊन मागल्या चाकासंगं चालणार," उत्तरेश्वर म्हणाला. "गरज पडली की चाकाफुडं टाकणार. ठोकळ्याला बांबू ठोकलाय. हात चाकापाशी न्यायाचा न्हाई."

"बाकीचे दगड काढलेत. मी पुढच्या डाव्या चाकाखालचा शेवटचा दगड काढणार," मकसूदभाई म्हणाले. "आणि किल्ली घेऊन बाजूला उभा राहणार."

"किल्ली?" कासिमने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "अब्बा, किल्ली तुमच्याकडे आहे?"

मकसूदभाईंनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. बंद गाडीची किल्ली खिशात, ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. किल्ली काढलेली असली की या गाडीचं स्टिअरिंग एका जागी अडकून बसतं. ट्रक सुटला असता आणि प्लॉटकडे वळलाच नसता. किल्ली केबिनमध्ये गेली, फिरवली गेली, स्टिअरिंग मोकळं झालं. आता कुणी हसत नव्हतं.

"खुणेचं काम एकाच माणसानं करायचं," बाई म्हणाल्या. "मी प्लॉटच्या तोंडाशी उभी राहीन. चाचा दगड काढून बाजूला झाले की मी 'येऊ द्या' म्हणेन. बाकी कुणी एक शब्द बोलायचा नाही."

हे सांगणं भागच होतं. पुण्यात कुठलीही गाडी मागे-पुढे होऊ लागली की रस्त्यावरच्या प्रत्येकाला कंठ फुटतो. पानवाला, भाजी घेणारी बाई, ज्याचा गाडीशी काडीचाही संबंध नाही असा माणूस, सगळे हात हलवत 'येऊ द्या, येऊ द्या' सुरू करतात.

"शिस्त म्हणून काही असतेच," श्यामसुंदरराव म्हणाले. "कुणीतरी सांगायलाच हवं होतं या लोकांना." आणि ते केबिनच्या उजव्या बाजूला, कासिमच्या दारापाशी, देखरेखीला उभे राहिले.

मकसूदभाई वाकले. दगड घट्ट बसला होता. त्यांनी दोन्ही हात घातले आणि तो हलवू लागले. कासिमला ते दिसत नव्हते. केबिन उंच, आणि ते पलीकडच्या चाकाशी.

तेवढ्यात श्यामसुंदररावांचा मोबाईल वाजला. सोसायटीची पाण्याची नवी टाकी आणणारा टेम्पोवाला मोठ्या रस्त्यावर येऊन वाट विचारत होता.

"हां, आलात का?" श्यामसुंदरराव खणखणीत आवाजात म्हणाले. "येऊ द्या. सरळ येऊ द्या."

कासिमने खटका सोडला आणि फुस्स करून डब्यांत हवा शिरली. ट्रक हलला.

बाईंना समोर दिसत होतं ते असं: चाक दगडावर चढतंय, दगड घसरतोय, आणि मकसूदभाईंचे हात अजून तिथंच. त्यांच्या तोंडून निघालं, "बस, बस, बस."

मकसूदभाईंनी हात मागे घेतले आणि ते ऐकलं तसं तिथंच खाली बसले.

कासिमचा पाय ब्रेकवर गेला. ट्रक एक गचका देऊन थांबला. दगड गडगडत उतारावरून खाली गेला, मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या गटारात पडला. मकसूदभाईंच्या एका चपलेचं टोक चाकाखाली होतं. पाय त्यांनी आधीच काढून घेतला होता.

उत्तरेश्वरने बांबूचा ठोकळा चाकापुढे सरकवला. कासिमने हँडब्रेक ओढला, उडी मारून खाली आला, ट्रकच्या पुढून धावत गेला आणि बापाला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तिथं बसलात कशाला अब्बा?"

"बाई बस म्हणाल्या. बसलो."

"मी नाही हलवत आता," कासिम म्हणाला. "बुधवारी मिस्त्री येईल तेव्हा बघू. माफ करा बाई."

बाई मुलांच्या ओट्यावर येऊन टेकल्या. ट्रक जेमतेम हातभर सरकला होता. फाटकाची फट तेवढ्याने वाढली होती, पण मूल जाण्याइतकी नाही. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा मकसूदभाईंकडे. मनात म्हणाल्या, राहू दे. बालवाडी गेली तर गेली. माणसाच्या हातापायांपेक्षा ती मोठी नाही.

शेजारी बसलेली भाग्यश्री त्यांचा पदर ओढत होती. ती गेल्या वर्षीची, यंदा पहिलीत जाणारी. "बाई, तुम्ही येऊ द्या म्हटलंच नव्हतं. त्या आजोबांनी म्हटलं."

"हो ग."

"पण ते ट्रकला नव्हते म्हणत. ते फोनला म्हणत होते."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. खरंच की. चूक ट्रकची नव्हती, हवेची नव्हती. कासिमने पाय दाबल्याबरोबर ब्रेक लागला होता. बोल्ट आवळला असता तर तो लागलाच नसता, आणि दगडाच्या मागोमाग ट्रकही मोठ्या रस्त्यावर गेला असता. चुकला होता तो शब्द. 'येऊ द्या' हा शब्द सगळ्या गावाचा, कुणीही कुणालाही म्हणावा असा. 'बस' तर त्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ थांब असाही होतो आणि खाली बैस असाही.

त्या उठून कासिमकडे गेल्या. "ब्रेक लागला ना?"

"लागला."

"मग ट्रक ऐकतोय. आपण बोलायला चुकलो. असे दोन शब्द घेऊ, की जे या गल्लीत रविवारी सकाळी दुसरं कुणीच म्हणणार नाही. आणि चाकापाशी हात कुणाचाच जाणार नाही. दगडाला दोरी बांधू, लांबून ओढू. यानंतर तू नाही म्हणालास, तर मी पुन्हा विचारणार नाही."

कासिमने बापाकडे पाहिलं. मकसूदभाई चाकाखालची चप्पल ओढून बघत होते. ती निघत नव्हती. "हलवल्याशिवाय ही मिळायची नाही," ते म्हणाले. "हलव बाबा."

शब्द कुठले घ्यायचे, हे मुलांना विचारलं. थांबायचं कसं, यावर मुलांचं लगेच एकमत झालं: स्टॅच्यू. हा खेळ त्यांचा रोजचा. चालायला काय म्हणायचं यावर बराच वाद झाला. ससा पुढे आला, रॉकेट पुढे आलं. भाग्यश्री म्हणाली, "हळू जायचंय ना? मग कासव." ते ठरलं.

श्यामसुंदरराव एका बाजूला उभे होते. त्यांनी टेम्पोवाल्याला खालीच थांबायला सांगून मोबाईल बंद केला, जवळ आले आणि तो बाईंच्या पिशवीत टाकला. "माझ्या हातात नको," ते म्हणाले. "आणि मी कुठं उभा राहू ते सांगा."

"मुलांशेजारी बसा. तोंडावर बोट."

ते बसले. तोंडावर बोट ठेवलं. शेजारच्या पोराने त्यांच्याकडे पाहून आपलंही बोट नीट केलं.

कॉम्प्रेसर पुन्हा फटफटला. काटा वर चढला. नळी काढली. सगळ्यांनी पुन्हा एकदा आपापलं काम बोलून दाखवलं. नव्या दगडाला दोरी बांधून मकसूदभाई लांब, भिंतीशी उभे राहिले. त्यांनी ओढली, दगड निघाला, त्यांनी हात वर केला. उत्तरेश्वरने ठोकळा उचलला. गल्लीत एवढी शांतता कधी झाली नव्हती. वरच्या गॅलऱ्यांमधली माणसंसुद्धा गप्प होती.

"कासव," बाई म्हणाल्या.

ट्रक निघाला. मुंगीच्या पावलाने म्हणावं तसा. थोडं अंतर गेल्यावर बाई म्हणाल्या, "स्टॅच्यू," आणि तो थांबला. मुलं खूश झाली, पण ओठांवरची बोटं सुटली नाहीत. पुन्हा कासव, पुन्हा स्टॅच्यू. कासिम प्रत्येक वेळी काट्याकडे पाहून मान हलवायचा: हवा आहे. प्लॉटच्या तोंडाशी त्याने दोन्ही हातांनी, उभं राहून स्टिअरिंग ओढलं. ट्रकने जड जनावरासारखी मान वळवली आणि पाटीला वळसा घालून तो सपाट जमिनीवर गेला. तिथं आपला आपणच थांबला. कासिमने हँडब्रेक ओढला, उत्तरेश्वरने चाकांना दगड लावले, दोन पुढे, दोन मागे.

बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या फाटकाशी गेल्या होत्या. त्यांनी ते ओढलं, आणि ते करकरत भिंतीला जाऊन लागलं.

सोमवारी जुनी मुलं आली ती पळतच आली. नव्यांमधले काही आले, काही आले नाहीत. एक बाप मुलीचा हात धरून गल्लीत उभा होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एक डोळा घड्याळावर. तो एकदा कोपऱ्यावरच्या काचेच्या दाराकडे पाहत होता, एकदा पताका लावलेल्या फाटकाकडे. मुलगी दोन्हीकडे पाहत नव्हती. तिची नजर प्लॉटमधल्या ट्रकवर होती.

"बाबा, तो ट्रक का झोपलाय?"

"झोपला नाही, बंद पडलाय. चालत नाही तो."

"मग तो तिथं गेला कसा?"

बाप काल इथं नव्हता. त्याने फाटकात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाई जरा वाकल्या आणि मुलीला म्हणाल्या, "तुला काय वाटतं, कसा गेला असेल?"

मुलगी विचार करू लागली. विचार करता करताच तिने बापाचा हात सोडला आणि ती सांगायला फाटकातून आत आली.